शेखर उत्तर का देत नाही?

शेखर भुसारी कामासाठी बस्तरला गेला तो ताप अंगात घेऊनच परतला, आणि घरच्यांना धड काळजी करायलाही सवड न देता गेला. मलेरिया मेंदूत चढला, असं डॉक्टर म्हणाले. वय तिशीच्या आतलं. रायपूरच्या शंकर नगरातल्या एका छोट्या कंपनीत तो होता. जंगल खात्याच्या डेपोंमध्ये संगणक बसवून द्यायचे, चालू करून द्यायचे, हे त्याचं काम. तात्यापाऱ्यातल्या घरी काही दिवस माणसांची रीघ लागली, तेरावं झालं, आणि मग जो तो आपापल्या वाटेला लागला.

त्याची आई विनोदिनी मंत्रालयात स्टेनो होती. छत्तीसगडचं नवं राज्य झालं तेव्हा जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय भरलं, तेव्हापासून ती तिथंच बसत होती. वडील पांडुरंग रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. धाकटी राधिका सरकारी परीक्षांची तयारी करत होती. शेखर गेल्यावर पांडुरंगांनी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. खोली घराच्या मागच्या बाजूला होती. अंगणात जायचं तर तिच्यावरूनच जावं लागे. ते मान खाली घालून जायचे.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी सकाळी राधिका म्हणाली, "आई, भैया का कंप्यूटर मैं ले लूँ? पढ़ाई के लिए चाहिए. पर उसमें मेल पे मेल आ रहे हैं. तुम एक बार देख लो, फिर मैं सब साफ कर दूँगी."

विनोदिनी पदराला हात पुसत खुर्चीवर बसली. तिला वाटलं, जाहिराती असतील, बँकेचं काहीतरी असेल. पण पडद्यावर माणसांची नावं होती. कुणी पोलंडचा, कुणी ब्राझीलचा, कुणी केरळातला. आणि प्रत्येकाच्या ओळीत शेखरचं नाव.

शेखर ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन या खोलीत काहीतरी करत बसतो, एवढंच घरात माहीत होतं. पांडुरंग त्याला फुकटची फौजदारी म्हणत. तो हसून म्हणे, "बाबा, हा कंप्यूटर ज्याच्यावर चालते ते लिनक्स म्हणजे सगळ्यायनं मिळून बांधलेली धर्मशाळा हाये. मी तिच्यातला एक दरवाजा सांभाळून राहिलो." त्यापलीकडे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

आता ती वाचू लागली तसं तिच्या ध्यानात आलं. संगणक चालू केला की जो चेहरा समोर दिसतो, त्या खिडक्या, ती खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, तो सगळा चेहरा जगभरची काही माणसं मिळून घडवत होती. त्याला ते 'हार्बर' म्हणत. कोपऱ्यातला मेनू, ज्यात कामांची नावं एकाखाली एक लागलेली असतात, तो शेखरकडे होता. बिघडला तर तोच दुरुस्त करी, लोकांच्या तक्रारींना तोच उत्तरं देई. आणि आता त्या चेहऱ्याची मांडणी बदलायची चालली होती. जुना मेनू काढून त्याच्या जागी पूर्ण पडदाभर मोठी चित्रं येणार होती. तरुण लोकांना, नव्या पडद्यांना तेच बरं पडेल, असं करणाऱ्यांचं म्हणणं. वापरणाऱ्यांपैकी पुष्कळजण खवळले होते. आमच्या हाताला वळण पडलंय, ते मोडणारे तुम्ही कोण?

दोन्ही बाजू भांडत होत्या, आणि दोन्ही बाजू शेखरची वाट पाहत होत्या.

पहिल्या पहिल्या मेलांत विनवणी होती. शेखर, तू तरी बोल. मग चिडचिड. मेनू ज्याच्या हातात आहे तो तोंड लपवून बसलाय. मग एकानं सरळ मथळाच दिला होता : 'शेखर उत्तर का देत नाही?' त्याच्याखाली लोकांनी लांबच लांब लिहिलं होतं. त्याला गप्प बसवलं असेल. त्यानं पाठ दाखवली. अच्युत पिंपळापुरे नावाच्या माणसानं लिहिलं होतं : "मी या पोराला सज्जन समजत होतो. आमच्यासारख्यांसाठी तो भांडेल असं वाटलं होतं. वेळ आली तेव्हा पळाला. असल्या माणसाच्या हातात काही देऊच नये."

विनोदिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. तारीख पाहिली. त्या दिवशी शेखर जाऊन पंधरवडाही झाला नव्हता.

मेलेल्याच्या नावानं बोटं मोडतात लोक! राधिकाला तिनं हाक मारली. राधिकानं वाचलं आणि तिचा चेहरा लाल झाला. "इनको तो मैं ऐसा जवाब दूँगी कि याद रखेंगे."

"नोको," विनोदिनी म्हणाली. "त्यायले माहीत नाही, बाई. आपणच सांगितलं नाही तं त्यायले कोण सांगन?"

तिनं कीबोर्ड पुढे ओढला. आयुष्यभर तिनं साहेबांची इंग्रजी टाइप केली होती. स्वतःचं असं एक वाक्य क्वचितच लिहिलं असेल. दोनदा लिहून खोडलं. शेवटी जे राहिलं ते सरकारी पत्रासारखंच कोरडं होतं. शेखर भुसारी यांचं ऑगस्टमध्ये आजारानं निधन झालं. म्हणून त्यांचं उत्तर आलं नाही. ते कुणाला टाळत नव्हते. खाली सही : त्यांची आई.

पाठवल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबू लागली. हात थांबत नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्या मथळ्याखाली मेलांचा पूर लोटला. ज्यांनी दूषणं दिली होती त्यांनी माफी मागितली. कुणी लिहिलं, मी त्याला कधी पाहिलं नाही, पण माझ्या आंधळ्या भावाचा संगणक त्यानं महिनाभर खपून चालता करून दिला. एकानं प्रस्ताव मांडला की जुना मेनू आता काढायचाच नाही. त्याला शेखरचं नाव द्यायचं आणि कायमचा ठेवायचा. भराभर लोकांनी होकार दिला. बदलाच्या बाजूचे सगळे एकाएकी गप्प झाले. त्या दुःखापुढे बोलायचं कुणी?

दोन दिवसांनी इंग्रिड नावाच्या बाईंचं मेल आलं, फक्त विनोदिनीसाठी. नव्या चेहऱ्याची मांडणी याच बाईंच्या हातात होती. त्यांनी लिहिलं होतं : "शेखरशी मी वर्षभर भांडले. त्याच्यासारखं स्वच्छ भांडणारा माणूस मला भेटला नाही. जुना मेनू ठेवला तर तो सांभाळायला आज कुणी नाही. नाव त्याचं राहील आणि आतून तो सडत जाईल, अशी मला भीती वाटते. पण तुम्ही ठेवा म्हणालात तर आम्ही ठेवू. एक शब्दही वाद घालणार नाही."

विनोदिनीनं ते पत्र कुणाला दाखवलं नाही. मंत्रालयात त्या दिवसांत दुसराच विषय चालू होता. पुढच्या वर्षी सगळं ऑफिस नव्या रायपूरला हलणार होतं, माळावर बांधलेल्या मोठाल्या इमारतींमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणत, तिथं साधी चहाची टपरी नाही, रस्ते एवढे रुंद की ओलांडता ओलांडता जीव जाईल, नकाशे काढणाऱ्यानं कधी पायी चालून पाहिलं होतं का? विनोदिनी डबा उघडून ऐकत बसे. एरवी तीही त्यांच्यात बोलली असती.

त्याच आठवड्यात अच्युत पिंपळापुरे स्वतः दारात उभा राहिला. भिलाईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. पत्ता त्यानं शेखरच्या कंपनीत विचारून घेतला होता. पायरी चढताना त्यानं हातानं भिंत चाचपली, तेव्हा विनोदिनीच्या लक्षात आलं की त्याला नीट दिसत नाही.

"वहिनी," तो उभ्यानंच म्हणाला, "ते पळाला असं लिहिणारा मीच. तुमच्या दारात उभं राहायचीही माझी लायकी नाही. पण मेलवर माफी मागून माझं मन भरेना."

पांडुरंग ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. त्यांना मागचं पुढचं काही ठाऊक नव्हतं. शेखरच्या ओळखीचे कुणी असतील म्हणून ते उठून आत निघून गेले. विनोदिनीनं पाहुण्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्हाले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बसा."

तो बसला. डोळ्यांत काचबिंदू, कडेचं सगळं काळं पडत चाललेलं, मधोमध एक छोटा गोल उरलेला, असं त्यानं सांगितलं. शेखरच्या मेनूत प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. तिसऱ्या ओळीवर पत्रं, पाचवीवर गाणी. न पाहता बोटांनी मोजून तो काम करी. नव्या पडद्यावर चित्रं इकडची तिकडं सरकत. त्याला ती शोधता येत नसत. बायको गेल्यावर मुलीशी, ती परदेशात होती, बोलणं याच संगणकावरून चाले.

मग तो म्हणाला, "तुम्ही एक शब्द टाकलात तर ते मेनू काढणार नाहीत. आईचा शब्द आहे. कुणाची छाती होणार नाही."

त्या क्षणी विनोदिनीला फार मोह झाला. या माणसाचं काम होणार होतं. आणि शेखरचं नाव जगभरच्या पडद्यांवर, कोपऱ्यात का होईना, राहणार होतं. होकार द्यायला कितीसा वेळ लागतो?

"मले थोडे दिवस द्या," ती म्हणाली.

ते दिवस तिनं शेखरनं लिहिलेलं वाचण्यात घालवले. लपलेलं काही नव्हतं. सगळं चारचौघांत बोललेलं, वर्षानुवर्षांचं. तिथं तिला एक वेगळाच शेखर भेटला. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलणारा पोरगा इथं इंग्रिडबाईंशी मुद्द्यामुद्द्याला अडत होता. पण लोक त्याची बाजू घेऊन आरडाओरडा करायला लागले की तो त्यांनाही थोपवी. "आवडलं नाही, हे कारण नाही," त्यानं कितीदा लिहिलं होतं, "काय करता आलं नाही, ते सांगा." आणि इंग्रिडला त्यानं उघड शब्द दिला होता : या मेनूतून माणसाला जे करता येतं ते तुमच्या नव्यात करता आलं, तर मी स्वतःच्या हातानं हा काढीन.

विनोदिनीनं पिंपळापुऱ्यांना फोन केला. "भाऊ, माझ्या शब्दानं ठेवला तं तो शेखरचा फोटो होईल, हार घातलेला. त्यानं तसं केलं नसतं. तुम्ही या. तो विचारत होता तेच आपण पाहू. नव्यामंदी तुम्हाले काय काय जमत नाही."

मग तो म्हणाला, "येतो."

राधिकानं नवा चेहरा शेखरच्याच संगणकावर घालून दिला. "अंकलजी, आप आराम से कीजिए, मैं यहीं बैठी हूँ," ती म्हणाली. पुढचे कितीतरी रविवार तो सकाळच्या लोकलनं भिलाईहून येई आणि त्या खोलीत बसे. तो एकेक काम करू पाही, अडखळे, चिडे, बोले. आणि विनोदिनी शेजारी बसून त्याचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. स्वतःचं काही घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही, हीच तर तिची नोकरी होती. तो म्हणाला, "हे चित्र कालच्या जागी नाही," की ती तेच लिही. तो वैतागून म्हणाला, "हे कुठल्या गाढवानं केलं?" तेही तिनं लिहिलं. मग इंग्रजीत टाइप करताना गाढव राहू द्यावं की काढावं यावर दोघांनी जरा विचार केला आणि राहू दिलं.

ते सगळं तिनं इंग्रिडला पाठवलं, आणि जिच्यावरचं पत्र हार्बरच्या सगळ्यांना जाई त्या उघड यादीवरही टाकलं. वर एवढंच लिहिलं : शेखरसाठी काही ठेवू नका. या माणसाला जे जमत नाही ते जमवून द्या, मग मेनू काढा.

यादीवरचे काही लोक तिच्यावर नाराज झाले. एकानं तर विचारलं, ही खरंच त्याची आई आहे कशावरून? राधिका भडकली. विनोदिनीनं तेही वाचून सोडून दिलं.

इंग्रिडनं काम मनावर घेतलं. चित्रं आता जागा सोडत नव्हती. बोटांनी मोजत जाण्याची सोय झाली, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येऊ लागली. एक गोष्ट मात्र व्हायची राहिली. पडदाभर चित्रं उघडली की मागची खिडकी झाकली जाई, आणि पिंपळापुऱ्यांना आपण कुठं होतो तेच आठवेनासं होई. ते बदलायचं तर सगळी मांडणीच मोडावी लागेल, असं इंग्रिडनं प्रांजळपणे लिहिलं. ते तिला करायचं नव्हतं.

"म्हणजे शेखरचा शब्द पुरा नाही झाला," पिंपळापुरे म्हणाला.

"नाही झाला," विनोदिनी म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. "पण भाऊ, सांभाळायले कोणी नाही, हे बी खरं हाये. तुमच्या मशीनवर जुनाच राहू द्या. चालते तोवर चालते. बाकीच्यायले मी अडवून धरणार नाही."

त्या दिवशी तो चहा न घेताच निघून गेला. नंतर त्याचं येणं कमी झालं. फोन तेवढा अधूनमधून येई, आणि त्यात तो या विषयाला हात लावत नसे.

मेनू निघाला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. इंग्रिडनं आधी कळवलं होतं, तरी ज्या सकाळी ते झालं तेव्हा विनोदिनी एकटीच त्या खोलीत होती. पडद्यावर मेनूच्या प्रोग्रॅममधून काढून टाकलेल्या ओळी लाल रंगात दिसत होत्या, पानांमागून पानं. अगदी वर, सांभाळणाऱ्यांच्या नावांत, एक ओळ : शेखर भुसारी, रायपूर. तीही लाल. शेजारी इंग्रिडनं लिहिलं होतं : याचं काम पुरं झालं, ज्यानं ते केलं त्याचे आभार.

ती त्या ओळीकडे बघत बसली. स्मशानात बायका जात नाहीत, म्हणून तिनं त्याला शेवटचा पाहिला तो अंगणातच. आज वाटलं, आपण आत्ता त्याला पोचवून आलो.

पांडुरंगांना हे राधिकाकडून कळलं. लोक ठेवा म्हणत असतानाही भैयाचा मेनू निघाला, असं जेवताना ती सहज बोलून गेली. त्यांचा घास हातातच राहिला.

"काढलं? त्यानं केलेलं काढलं? अन् कोणाच्या सांगण्यावरून?"

"मीच हो म्हटलं," विनोदिनी म्हणाली.

"तू?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "लोक ठेवा म्हणत होते, तरी तू काढा म्हटलं? पोट्टा गेला आपला. त्याचं नाव कुठंतरी राह्यत होतं, ते बी तू पुसून टाकलं? मले काहून नाही विचारलं?"

"तुम्ही त्या खोलीत पाय टाकला असता तं विचारलं असतं. मी कितीक महिन्यांपासून तिथं बसून राहिली. तुम्ही एकदा बी विचारलं नाही, काय करून राहिली म्हणून."

पांडुरंग ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनात. चहा मागायचा तर राधिकाला सांगत. विनोदिनीनं मनधरणी केली नाही. तिला त्यांचा राग खोटा वाटला नव्हता. आपण चुकलो तर नाही ना, हे तिनं स्वतःलाही कितीदा विचारलं, आणि तिला दर वेळी एकच उत्तर येई असंही नाही.

असाच एक महिना गेला. मग एका दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली असताना दारात सावली पडली. पांडुरंग उंबऱ्याशी उभे होते, चौकटीला हात धरून. आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची सरकवून शेजारी जागा केली आणि स्टूल ओढून ठेवलं.

ते आले. बसले. बराच वेळ खोलीभर नुसते पाहत राहिले. शेखरचा शर्ट अजून खुंटीला होता.

"वाच," ते म्हणाले.

"काय वाचू?"

"तो काय लिहीत होता ते. मले इंग्रजी समजत नाही. मराठीत सांग."

विनोदिनीनं एक जुना वाद काढला. कुणीतरी शेखरला लिहिलं होतं की तुमच्यासारख्या छोट्या गावातल्या माणसांना मांडणीतलं काय कळतं. त्यावर शेखरनं दिलेलं उत्तर ती वाक्य वाक्य मराठीत सांगू लागली. साहेब, गाव छोटं आहे खरं. पण तुम्ही म्हणता ते बटण कुठंय ते मला सापडलं नाही, आणि तुमच्याच गावच्या तिघांनाही सापडलं नाही, त्यांचे निरोप खाली जोडले आहेत. आता छोटं काय आहे, गाव की बटण, ते आपण पाहू.

पांडुरंगांच्या तोंडून हुंकार निघाला. कारखान्यात युनियनच्या वाटाघाटींना ते पुढे असत. अधिकाऱ्यासमोर आवाज न चढवता त्याचंच बोलणं त्याच्या गळ्यात घालायची त्यांची रीत होती.

"हा तं माझ्यासारखा भांडते," ते म्हणाले. आणि मग, शेखर गेल्यापासून पहिल्यांदाच, बायकोसमोर तोंडावर पंचा घेऊन ते रडले.

विनोदिनी थांबली. त्यांचं रडणं ओसरू दिलं. मग त्यांनी पंचा बाजूला केला आणि मान हलवली, तशी ती पुढचं वाचू लागली.